ह्यूमचा एक रस्ता कागदावर आणताना: प्रकल्प नोंदी

14 ऑक्टोबर 2023

शेजारच्या आजी तयार झाल्या. त्यांचा जन्म 1944 चा, मँचेस्टरच्या ह्यूम भागातला. 1964 मध्ये त्यांचा रस्ता पाडायला काढला आणि घरच्यांना शहराच्या दक्षिणेला, विदनशॉमध्ये कौन्सिलचं, म्हणजे महापालिकेचं, घर मिळालं. तेव्हापासून त्या इथेच आहेत. त्यांची आणि माझी मधली भिंत एकच.

काम असं: त्यांच्या रस्त्याचा दारागणिक नकाशा करायचा. कुठल्या दारात कोण राहायचं, कोपऱ्यावर कसलं दुकान होतं, मागच्या बोळातून कुठे निघता यायचं, मुलं कुठे खेळायची. सोबत आजींच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. रस्त्याचं आणि माणसांचं नाव या नोंदींत येणार नाही, कारण तिथली काही मंडळी आणि त्यांची मुलं आजही या शहरात राहतात.

नोंदी मराठीत ठेवतेय त्या गिरणगाव-गिरगावातल्या लोकांसाठी. आमची लालबागची चाळ पाडली तेव्हा असं काही कुणी करून ठेवलं नाही. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या खात्यातल्या यंत्रांवर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' अशी ओतीव अक्षरं होती, असं बाबा सांगतात. ते ओल्डहॅम इथून बसने जाण्याइतकं जवळ आहे. तिकडच्या गिरण्या याच भागातल्या लोखंडावर चालल्या आणि दोन्हीकडच्या गिरण्यांभोवतीची वस्ती गेली, हे मला इथे आल्यापासून स्वस्थ बसू देत नाही.

ह्यूम दोनदा पाडलं गेलं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 1960 च्या दशकात विटांच्या दुमजली घरांच्या रांगा गेल्या. त्या जागी सिमेंटच्या, लांबलचक गॅलऱ्यांच्या इमारती आल्या. त्यातल्या चार अर्धगोल इमारतींना क्रेसेंट्स म्हणत. सगळी मिळून तीन हजारांहून जास्त घरं 1972 पर्यंत बांधून झाली. 1974 मध्ये वरच्या गॅलरीतून पडून पाच वर्षांचं मूल गेलं आणि मुलंबाळं असलेल्या कुटुंबांनी आम्हाला इथून हलवा म्हणून अर्ज केले. 1990 नंतर काही वर्षांत क्रेसेंट्सही पाडल्या. म्हणजे आजींचा रस्ता आजच्या घरांखाली नाही, दोन थर खाली आहे.

22 ऑक्टोबर 2023

पहिलं रेकॉर्डिंग फुकट गेलं.

आवाजाचं कारण सोपं निघालं. आजींची गॅसची शेगडी सतत सूं करते आणि भिंतीवरचं घड्याळ ठोके देतं. मोबाईलने दोन्ही टिपलं, आजी मात्र मागे राहिल्या. कॉलरला लावायचा माईक मागवला, 28 पौंड. घड्याळ दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि शेगडी बोलण्याआधी अर्धा तास लावून मग बंद करायची, असं ठरलं. आजींना थंडी सोसत नाही, त्यामुळे एका बैठकीला पाऊण तासाची मर्यादा आपोआप पडली.

मजकुराचं दुखणं मोठं होतं. 'लहानपणाबद्दल सांगा' म्हटल्यावर आजी म्हणाल्या की दारं सताड उघडी असायची, कुणाकडे पैसा नव्हता पण सगळे एकमेकांच्या मदतीला यायचे. यात खोटं काही नसेल. पण हीच वाक्यं त्या भागातला कुठलाही म्हातारा माणूस बोलतो, टीव्हीवरही तीच ऐकू येतात, आणि नकाशावर टाकायला त्यातून एक दारसुद्धा मिळालं नाही.

5 नोव्हेंबर 2023

आज संध्याकाळी बाहेर फटाके. पाच नोव्हेंबरला इंग्लंडभर शेकोट्या पेटतात. मी सहज विचारलं, तुम्ही लाकडं कुठून आणायचात?

आजींनी चहाचा कप बाजूला सारला आणि टेबलावर दोन बोटांनी चालायला लागल्या. दारातून उजवीकडे, तीन घरं, बोळात वळायचं, बोळ संपला की मोकळं मैदान. त्याला 'क्रॉफ्ट' म्हणत. 1940 च्या नाताळाच्या तोंडावर मँचेस्टरवर सलग दोन रात्री बॉम्ब पडले, त्यात पडलेल्या घरांची ती जागा. लाकडं आधीचे कित्येक आठवडे जमवायची आणि पलीकडच्या रस्त्यावरची मुलं चोरून नेतात म्हणून आळीपाळीने राखायची. लाकडं कुणाच्या परसात लपवली, त्या परसाला कडी होती की नव्हती, तिथली बाई ओरडायची की नाही, सगळं आलं. एवढ्याशा प्रश्नातून सात दारं आणि एक बोळ मिळाला.

यापुढे आठवणी विचारायच्या नाहीत. कुठे पाठवलं होतं, कुठून गेलात, हातात काय होतं, वाटेत कोण भेटलं, एवढंच विचारायचं.

19 नोव्हेंबर 2023

कागदपत्रं. सेंट पीटर्स स्क्वेअरच्या सेंट्रल लायब्ररीत बरंच काही फुकट बघायला मिळतं. 1921 ची जनगणनासुद्धा. घरून बघायची तर पैसे पडतात, लायब्ररीच्या संगणकावर पडत नाहीत. हे कळण्याआधी माझे काही पौंड गेले.

पण इथे मोठी भगदाडं आहेत. 1931 ची इंग्लंडची जनगणना 1942 मध्ये आगीत जळाली. 1941 ला युद्धामुळे झालीच नाही. 1951 ची शंभर वर्षं बंद. मधल्या काळासाठी हाती राहतं ते 29 सप्टेंबर 1939 चं रजिस्टर, युद्ध सुरू होताच ओळखपत्रांसाठी घरोघर जाऊन केलेलं. त्यात घर, माणसं, जन्मतारीख, धंदा असं सगळं आहे. मात्र ज्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली नाहीत आणि ज्यांच्या मृत्यूची नोंद जुळलेली नाही त्यांच्या ओळीवर काळी पट्टी असते. आजींच्या घराच्या ओळी काढल्या: आई, वडील, त्याखाली दोन काळ्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे त्यांची मोठी बहीण आणि मोठा भाऊ. अख्ख्या रस्त्याचं पान असंच दिसतं. मोठी माणसं धंद्यासकट उघडी, मुलं झाकलेली. आणि मला तर मुलांचाच रस्ता हवाय.

दुकानांसाठी जुन्या डिरेक्टऱ्या उपयोगी. त्यात रस्त्यागणिक, घराच्या क्रमांकाने, कुटुंबप्रमुखाचं नाव आणि धंदा असतो. 'इथे अमुक रस्ता छेदतो' असंही मध्येच लिहिलेलं असतं, त्यावरून कोपरे पक्के होतात. कोपऱ्यावरचं दुकान मात्र बहुतेक वेळा मोठ्या रस्त्याच्या नावाखाली सापडतं. आजी आपल्या रस्त्यावरचं म्हणतात ते दुकान कागदावर शेजारच्या रस्त्याचं असतं.

10 डिसेंबर 2023

टेबल पुरेना म्हणून भिंतीला लावायच्या कोऱ्या कागदाची गुंडाळी आणली (6 पौंड) आणि आजींच्या दिवाणखान्यात जमिनीवर पसरली. घरांसाठी त्यांच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. बटणं सरकवता येतात म्हणून पेनापेक्षा बरी. पेनाने काढलेली रेघ चुकली असं सांगायला माणसं संकोचतात.

आजचा फेरा कोकचा. गॅस काढून घेतल्यावर उरलेला कोळसा म्हणजे कोक. तो कोळशापेक्षा स्वस्त. शनिवारी सकाळी जुनी बाबागाडी घेऊन गेथॉर्नच्या गॅस कारखान्यावर रांग लावायची. जाताना गाडीत धाकटा भाऊ, येताना कोक, आणि भाऊ चालत. आजींना गाडीचं एक चाक कुरकुरायचं ते आठवतं, आणि स्ट्रेटफर्ड रोड ओलांडताना दोघांनी मिळून पुढची चाकं उचलायची ते आठवतं. त्यावरून तिथल्या फुटपाथाची कड किती उंच होती याचा अंदाज आला. वाट सांगताना त्या दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा जिथे दुकानाची खिडकी होती तिथे. एक ट्राईपचं दुकान. ट्राईप म्हणजे गुराच्या पोटाचं पांढरं, जाळीदार मांस, लँकेशरच्या कामगारांचं रोजचं खाणं. दुसरी गहाणवटीच्या दुकानाची. वडिलांचा एकुलता सूट सोमवारी तिथे जायचा आणि शुक्रवारी पगार झाला की सुटून यायचा. तो पोचवायचं कामही मुलांचंच. बंडल कोटाखाली लपवून न्यायचं अशी आईची ताकीद होती. खरं तर रांगेत सगळे शेजारीच असायचे.

रात्री बाबांना बदलापूरला फोन केला. म्हटलं, बाबा, चाळीतून रेशनला कुठून जायचात? एरवी चाळीचा विषय निघाला की बाबा 'गेलं ते गेलं' म्हणून फोन आईकडे देतात. आज नळाच्या रांगेपासून सुरू झाले ते रॉकेलच्या डब्यापर्यंत थांबले नाहीत. मी रेकॉर्डर लावला नव्हता, म्हणून ऐकता ऐकता हाताने आराखडा काढला. तो वेगळ्या वहीत ठेवलाय.

14 जानेवारी 2024

नकाशावर नकाशा बसवणे. सगळ्यात जास्त वेळ यात गेला.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण नकाशे फुकट आहेत. 1:2500 चा नकाशा सुबक, पण त्यावर घरांचे क्रमांक नसतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 1:1250 नकाशांवर क्रमांक छापलेत आणि सेंटिमीटरला साडेबारा मीटर पडतात, त्यामुळे परसातली संडासाची खोलीसुद्धा वेगळी दिसते. डिरेक्टरी आणि आजींची बटणं जोडायला हाच नकाशा धरायचा.

तो आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हा फुकट प्रोग्राम वापरला. जुन्या-नव्या नकाशांवर सारखे बिंदू द्यावे लागतात. पहिल्यांदा रस्त्यांचे चौक दिले आणि सगळी रांग तिरकी होऊन शेजारच्या बागेत जाऊन पडली. कारण उघड आहे: नाव तेच असलं तरी रस्ता तोच नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीस प्रिन्सेस रोडने स्ट्रेटफर्ड रोड तोडला, तो 1997 मध्ये ह्यूम आर्च या कमानीच्या पुलाने पुन्हा जोडला. लहान रस्त्यांची नावं तर उचलून भलतीकडे लावलीत. मग न हललेल्या वस्तू शोधल्या: सेंट मेरीज चर्चचा उंच मनोरा, चेस्टर रोडजवळचं सेंट जॉर्जेस चर्च (आता दोन्हींत फ्लॅट आहेत), 1901 चं हिप्पोड्रोम नाट्यगृह, उत्तरेला ब्रिजवॉटर कालवा. यांचे कोपरे दिल्यावर रांग जागेवर बसली.

चाळीचा नकाशा करणाऱ्यांनी देऊळ, गिरणीची चिमणी, रेल्वेचा पूल अशांवर भिस्त ठेवावी. नाक्यावर ठेवू नये.

4 फेब्रुवारी 2024

आजींचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात असतो. 1960 च्या दशकात दहा पौंडात बोटीने नेत असत, त्या योजनेत गेला. व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र बसवलं. ती बैठक वाया गेली. दोघं एकाच वेळी बोलतात, आणि सार्वजनिक धुलाईघराचा दरवाजा कुठल्या बाजूला यावरून वाद पेटला तो शमेना. रेकॉर्डिंगचा मजकूर आपोआप उतरवून देणारा प्रोग्रामही दोघांच्या मँचेस्टरी बोलीपुढे हरला. तो मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा ऐकून हाताने लिहिणं लवकर झालं.

नंतर दोघांशी वेगवेगळं बोलले. दरवाजाचा उलगडा असा: आजी कपड्यांचं ओझं बाबागाडीत घालून पुढच्या दाराने जायच्या. भावाला कधी कपडे न्यायला लावलेच नाहीत, तो मागच्या बाजूला ऊब घ्यायला बसायचा. त्याला बॉयलरकडचं दार आठवतं. आता नकाशावर दोन रंग आहेत. आजींचा निळा, भावाचा तपकिरी. जुळवून एक करायचा मोह आवरला, कारण मुलगी आणि मुलगा एका रस्त्यावर दोन वेगळ्या वाटांनी वाढले हे दोन रंगांतच दिसतं. निळ्या रेघा दुकानं, धुलाईघर, गहाणवट आणि चर्चकडे जातात. तपकिरी क्रॉफ्ट, कालवा आणि रेल्वेच्या कमानींकडे.

25 फेब्रुवारी 2024

आज एक रेकॉर्डिंग पुसलं. आजींनी शेजारच्या एका घरातलं मारहाणीचं सांगितलं होतं, सविस्तर. दुसऱ्या दिवशी दार वाजवून म्हणाल्या, "लव्ह, ते ठेवू नकोस, तिची मुलगी अजून आहे." त्यांच्यासमोरच पुसलं, प्रतीही पुसल्या.

तेव्हापासूनचा नियम: बैठकीनंतर काही दिवस जाऊ द्यायचे, मग रेकॉर्डिंग सांगणाऱ्याला ऐकवायचं, आणि त्याने हो म्हटल्यावरच नकाशाला जोडायचं. संमतीचा कागद पहिल्या दिवशी सही करून घेतला होता, पण त्या दिवशी आपण काय काय सांगणार आहोत हे कुणालाच ठाऊक नसतं. त्या घराच्या बटणाजवळ आता फक्त क्रमांक आहे.

17 मार्च 2024

डाँकी स्टोन मिळाला. जुन्या बाजारात, 8 पौंडांना, साबणाच्या वडीएवढा, मळकट पिवळसर. दारातली दगडी पायरी याने घासायची. दगडाची भुकटी, सिमेंट आणि ब्लीचिंग पावडर दाबून या वड्या करत. शेवटचा कारखाना अ‍ॅश्टन-अंडर-लाइनला ईलाय व्हॉली यांचा, वडीवर सिंहाचा छाप. तो 1979 मध्ये बंद झाला. वडी विकत घ्यायची नाही. चिंध्या घेणारा हातगाडी घेऊन यायचा, त्याला जुने कपडे द्यायचे आणि बदल्यात वडी घ्यायची, आपल्याकडच्या बोहारणीचाच व्यवहार.

आजी म्हणाल्या, आण इकडे. परसदाराच्या सिमेंटच्या पायरीवर जुनी उशी टाकून गुडघ्यांवर बसल्या. आधी ओल्या फडक्याने पायरी पुसली. मग वडी पाण्यात बुडवून कडेने एकच सरळ पट्टा ओढला, बोटभर रुंद. हात आडवा जाताना खांदा हलत नव्हता, फक्त कोपर. पट्टा झाल्यावर फडकं पिळून त्याची आतली बाजू एका फटक्यात साफ केली, म्हणजे रेघेला धार येते. मधला भाग सोडला. "आमच्या आईची पद्धत. मधे पाय पडतात, तिथे कशाला घासा." पलीकडच्या घरी अख्खी पायरी पांढरी करत, कोपऱ्यावरच्या बाई पुढच्या फुटपाथावर अर्धा चंद्र काढत. वाळल्यावर पट्टा फिकट बदामी झाला.

मी पायरीचे फोटो काढत होते, आणि आजी त्याच ओघात रस्त्यातल्या पायऱ्या सांगत सुटल्या: अमक्या क्रमांकाची बदामी, त्यापुढची पांढरी, त्यापुढची कधीच घासलेली नसायची कारण ती बाई रात्रपाळीला जायची आणि लोक तिला नावं ठेवायचे. रस्त्याची एक बाजू पायऱ्यांच्या रंगावरून पूर्ण झाली. डिरेक्टरीशी ताडून पाहिली, दोनच घरांची अदलाबदल निघाली.

महापालिकेने पाडकामाआधी काढलेले रस्त्यांचे हजारो फोटो लायब्ररीच्या संग्रहात ऑनलाइन आहेत. शर्ली बेकर या छायाचित्रकार बाईंनीही 1960 च्या दशकापासून इथल्या पाडल्या जाणाऱ्या गल्ल्यांमधली मुलं टिपली. पण फोटो बहुतेक कृष्णधवल, आणि कौन्सिलचे बहुतेक समोरून काढलेले. बदामी कुठली आणि पांढरी कुठली हे त्यांतून कळायला मार्ग नाही.

7 एप्रिल 2024

आजींना घेऊन जागेवर गेलो. वारा फार होता. फोनवर आमचा निळा ठिपका बरोबर त्यांच्या घरावर होता. आजींनी चौफेर पाहिलं आणि म्हणाल्या, ही जागा नाही. नवी घरं, नवी झाडं, गवत. मी फोन दाखवत राहिले, त्या मान हलवत राहिल्या.

मग सेंट मेरीजच्या मनोऱ्यापाशी गेलो आणि उलट दिशेने, शाळेतून घरी येतात तशा, त्या चालायला लागल्या. मी गप्प मागे. त्या मध्येच वळून मनोऱ्याकडे बघायच्या, दोन पावलं डावीकडे सरकायच्या, पुन्हा चालायच्या. रस्त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की मनोरा दोन्ही रांगांच्या बरोबर मध्ये यायचा, हे त्यांनी तेव्हा सांगितलं, आधीच्या कुठल्याच बैठकीत नाही. थांबल्या ती जागा फोनच्या ठिपक्यापासून चार-पाच पावलांवर होती. नकाशा त्याप्रमाणे हलवला नाही. त्यांच्या थांबण्याची जागा निळ्या फुलीने वेगळी दाखवलीय.

20 मे 2024

काल व्हिटसनचा रविवार झाला, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो तो. ह्यूममध्ये मुलांना वर्षातले नवे कपडे याच दिवशी. सकाळी शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन दाखवायचे आणि शेजारी नव्या खिशात पेनी टाकायचे. म्हणून आज मोठी प्रत छापून (ए-झिरो आकार, 19 पौंड) आजींच्या ओळखीच्या चार जुन्या ह्यूमकरांना चहाला बोलावलं.

लगेच दुरुस्त्या सुरू झाल्या. चिप्सच्या दुकानाचा काउंटर आम्ही डावीकडे दाखवला होता, तो उजवीकडे हवा. घरून वाडगा घेऊन जायचं आणि दाराशी उभं राहिलं की तळणीची वाफ थेट तोंडावर यायची, हे दोघांनी वेगवेगळं सांगितलं. एकांनी पेनी देणाऱ्या घरांवर बोट ठेवत अख्खी रांग म्हणून दाखवली, आणि 1939 च्या पानावर काळ्या पट्ट्या असलेल्या घरांपैकी पाच घरांतली मुलं नावानिशी मिळाली. ती नावं छापील प्रतीवर येणार नाहीत, माझ्याकडच्या यादीत राहतील.

एक आजोबा 1956 साली जमैकाहून आलेल्या आईवडिलांचे. त्यांची वाट आमच्या दोन्ही रंगांत बसत नव्हती. आजींच्या निळ्या रेघेवरच्या एका दुकानात त्यांची आई कधीच गेली नाही. तिला तिथे एकदा न पाहिल्यासारखं करून परत पाठवलं होतं. आजी हे पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनीच म्हटलं, तिसरा रंग घे. हिरवा घेतला.

2 जून 2024

खर्च: माईक, कागद, डाँकी स्टोन, दोन मोठ्या छपाया, बसभाडं, वाया गेलेले ऑनलाइन पैसे धरून शंभर पौंडांच्या आसपास. चहा-बिस्किटं आजींची. वेळ सगळ्यात जास्त नकाशा बसवण्यात आणि मजकूर उतरवण्यात गेला. सॉफ्टवेअरला पैसा लागला नाही. मूळ ध्वनिफिती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात, एक डिस्क आजींच्या कपाटात.

राहिलेलं: हिरव्या रंगाच्या अजून दोन बैठका. त्या आजोबांच्या बहिणीने यायचं कबूल केलंय. धुलाईघराचं मागचं दार 1:1250 वर दिसत नाही, त्यासाठी त्या इमारतीचे आराखडे महापालिकेच्या कागदांत आहेत का ते बघायचं. आणि बाबांचा कालच निरोप आला: चाळीतले त्यांचे दोन मित्र तयार आहेत, रविवारी दुपारी फोन कर, पण आधी कोरा कागद आणि बटणं कुठली घ्यायची ते सांग.